क्रीडा लवाद न्यायालय

क्रीडा लवाद न्यायालय ही खेळांशी संबंधित आंतरराष्ट्रीय वादांचा लवादाच्या मार्गाने निवाडा करणारी संस्था आहे. तिचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधील लोझान या शहरात आहे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'कॅस' या नावानेही ओळखली जाते. या संस्थेचे कामकाज १९८४ मध्ये सुरू झाले. उत्तेजक द्रव्यांचे सेवन, स्पर्धेतील पात्रता, संघनिवड, खेळाडूंचे करार व बदल्या आणि क्रीडा महासंघांनी केलेली शिस्तभंगाची कारवाई यांतून उद्भवणारे वाद तिच्यापुढे येतात.

नावात 'न्यायालय' हा शब्द असला तरी ही कोणत्याही राष्ट्राच्या न्यायव्यवस्थेचा भाग नाही किंवा आंतरराष्ट्रीय तहाने निर्माण झालेली संस्थाही नाही. वाद तिच्याकडे सोपवण्यास पक्षांनी दिलेली संमती हाच तिच्या अधिकाराचा आधार आहे. परंतु ही संमती दिल्याशिवाय खेळाडूला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरताच येत नाही. त्यामुळे ती संमती खरोखर ऐच्छिक मानावी काय आणि ती ऐच्छिक नसल्यास खेळाडूला कोणते संरक्षण मिळाले पाहिजे, हे प्रश्न या संस्थेच्या इतिहासात वारंवार उपस्थित झाले आहेत.

संज्ञा

दोन पक्षांनी आपसातील वाद सरकारी न्यायालयात न नेता, परस्परांच्या संमतीने निवडलेल्या तटस्थ व्यक्तीकडे सोपवणे आणि तिचा निर्णय बंधनकारक मानणे, या पद्धतीस लवाद म्हणतात. मराठी कायदेविषयक लेखनात निवाडा देणाऱ्या व्यक्तीसही 'लवाद' असेच म्हटले जाते. मध्यस्थीमध्ये मध्यस्थ केवळ तडजोड सुचवतो आणि ती मान्य करणे पक्षांच्या इच्छेवर असते. लवादाचा निवाडा मात्र हरलेल्या पक्षावरही बंधनकारक असतो. भारतात या विषयासंबंधी लवाद आणि सामंजस्य अधिनियम, १९९६ हा कायदा लागू आहे.

पार्श्वभूमी

आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघ या बहुतांशी खाजगी संस्था आहेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती हीदेखील स्विस कायद्याखालील एक खाजगी संस्थाच आहे. तरीही खेळाडूच्या उपजीविकेवर या संस्थांची सत्ता मोठी असते. एखाद्या खेळाचा जागतिक महासंघ एकच असतो. त्याने बंदी घातल्यास तो खेळ उच्च स्तरावर खेळण्याचा दुसरा मार्ग खेळाडूपुढे उरत नाही. अशा बंदीविरुद्ध दाद कोठे मागावी, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेळातील पैसा वाढू लागला तसा तीव्र होत गेला.

राष्ट्रीय न्यायालयांत दाद मागण्यास मर्यादा होत्या. त्याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेचा धावपटू हॅरी 'बुच' रेनॉल्ड्स याचे आहे. ४०० मीटर शर्यतीतील तत्कालीन विश्वविक्रमवीर असलेल्या रेनॉल्ड्सवर १९९० मध्ये घेतलेल्या उत्तेजक चाचणीच्या आधारे आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने २ वर्षांची बंदी घातली. तो अमेरिकेतील न्यायालयांत गेला आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे त्याला १९९२ च्या ऑलिंपिक निवड चाचणीत धावता आले. मात्र त्याच्याबरोबर धावणाऱ्या इतर खेळाडूंनाही अपात्र ठरवण्याचा इशारा महासंघाने दिला. बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्याला भाग घेता आला नाही. पुढे ओहायोतील संघीय न्यायालयाने त्याला सुमारे २ कोटी ७३ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली, पण १९९४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर रद्द केला. एका देशाच्या न्यायालयाचा आदेश दुसऱ्या देशातील महासंघावर आणि तिसऱ्या देशातील स्पर्धेवर परिणामकारक ठरत नाही, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले. त्या काळी ॲथलेटिक्स महासंघाने क्रीडा लवाद न्यायालयाचा अधिकार स्वीकारलेला नव्हता.

स्थापना

क्रीडा वादांसाठी स्वतंत्र लवाद संस्था असावी ही कल्पना आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे तत्कालीन अध्यक्ष हुआन अंतोनियो समारांच यांनी १९८१ मध्ये मांडली. नियमावली तयार करण्याचे काम सेनेगलचे विधिज्ञ केबा म्बाये यांच्या नेतृत्वाखालील गटाकडे देण्यात आले. म्बाये हे ऑलिंपिक समितीचे सदस्य होते आणि १९८२ पासून हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीशही होते. समितीने १९८३ मध्ये नियमावलीस मान्यता दिली आणि ३० जून १९८४ रोजी ती अमलात आली. म्बाये हे संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले आणि २००७ मध्ये निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले.

आरंभीच्या रचनेत संस्थेचा जवळजवळ सर्व खर्च ऑलिंपिक समिती करीत असे. नियमावलीत बदल करण्याचा अधिकार समितीकडे होता आणि लवादांच्या नेमणुकीतही समितीचा व तिच्या अध्यक्षांचा मोठा वाटा होता. म्हणजे ज्या संस्थेविरुद्ध खेळाडू दाद मागू शकत होता, तीच संस्था निवाडा करणाऱ्या यंत्रणेची पोशिंदी होती.

गुंडेल प्रकरण आणि १९९४ ची पुनर्रचना

या विसंगतीवर बोट ठेवण्याची संधी एका घोडेस्वाराच्या प्रकरणाने मिळाली. जर्मनीचा एल्मार गुंडेल याच्या घोड्याच्या चाचणीत निषिद्ध द्रव्य आढळल्यामुळे आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने त्याच्यावर दंड व निलंबनाची कारवाई केली. गुंडेलने १९९२ मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाकडे अपील केले. न्यायालयाने निलंबनाची मुदत ३ महिन्यांवरून १ महिना केली. त्यावर समाधान न झाल्याने त्याने स्वित्झर्लंडच्या संघीय न्यायालयात आव्हान दिले आणि क्रीडा लवाद न्यायालय स्वतंत्र नसल्याचा मुद्दा मांडला.

स्विस संघीय न्यायालयाने १५ मार्च १९९३ रोजी हे आव्हान फेटाळले. अश्वारोहण महासंघ आणि लवाद संस्था यांच्यात बांधिलकी नसल्यामुळे या प्रकरणातील निवाडा वैध ठरला. मात्र त्याच निकालपत्रात न्यायालयाने एक सूचक निरीक्षण नोंदवले. ऑलिंपिक समिती स्वतः पक्षकार असलेल्या वादात ही संस्था पुरेशी स्वतंत्र मानता येईल की नाही याविषयी शंका घेण्यास जागा आहे, असे त्याचे तात्पर्य होते.

या निरीक्षणाचा परिणाम तात्काळ झाला. २२ जून १९९४ रोजी पॅरिस येथे झालेल्या करारान्वये 'आंतरराष्ट्रीय क्रीडा लवाद परिषद' ही नवी संस्था स्थापन करण्यात आली आणि क्रीडा लवाद न्यायालयाचे प्रशासन, आर्थिक व्यवहार व लवादांची सूची ही कामे तिच्याकडे देण्यात आली. २२ नोव्हेंबर १९९४ पासून नवी क्रीडा लवाद संहिता लागू झाली. परिषदेत आरंभी २० विधिज्ञ सदस्य होते. त्यांपैकी प्रत्येकी ४ जणांची नेमणूक आंतरराष्ट्रीय महासंघ, राष्ट्रीय ऑलिंपिक समित्या आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती यांनी करावी, या १२ जणांनी खेळाडूंच्या हितसंबंधांचा विचार करून आणखी ४ जण निवडावेत आणि या १६ जणांनी क्रीडा संस्थांशी संबंध नसलेले ४ जण निवडावेत, अशी तरतूद होती.

ही नवी रचना पुरेशी आहे काय, याचा विचार स्विस संघीय न्यायालयाने २७ मे २००३ रोजी लाझुतिना आणि दानिलोवा या रशियन स्कीपटूंच्या प्रकरणात केला. या वादात ऑलिंपिक समिती स्वतः प्रतिवादी होती. तरीही क्रीडा लवाद न्यायालय आता समितीपासून पुरेसे स्वतंत्र आहे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. त्याच सुमारास संस्थेचे क्षेत्रही विस्तारले. ॲथलेटिक्स महासंघाने २००१ मध्ये आणि फुटबॉलच्या फिफा या महासंघाने २००२ मध्ये तिचा अधिकार मान्य केला. २००३ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या जागतिक उत्तेजकविरोधी संहितेनेही आंतरराष्ट्रीय खेळाडूंच्या प्रकरणांतील अंतिम अपील याच संस्थेकडे सोपवले.

विभाग

संस्थेचे कामकाज मुख्यतः पुढील विभागांतून चालते.

सामान्य विभाग : प्रायोजकत्व, प्रक्षेपण हक्क, व्यवस्थापन करार यांसारखे व्यापारी स्वरूपाचे वाद येथे प्रथमच दाखल होतात. या विभागाचे कामकाज गोपनीय असते.

अपील विभाग : महासंघांच्या व इतर क्रीडा संस्थांच्या अंतिम निर्णयांविरुद्धची अपिले या विभागाकडे येतात.

उत्तेजकविरोधी विभाग : ज्या महासंघांनी उत्तेजक सेवनाच्या प्रकरणांची प्राथमिक सुनावणी या संस्थेकडे सोपवली आहे, त्यांची प्रकरणे येथे चालतात. असा विभाग प्रथम २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी निर्माण करण्यात आला आणि २०१९ पासून तो कायमस्वरूपी झाला.

तात्पुरता विभाग : ऑलिंपिक व इतर मोठ्या स्पर्धांच्या काळात स्पर्धास्थळीच हा विभाग स्थापन केला जातो.

यांखेरीज संस्थेमार्फत मध्यस्थीची सोयही उपलब्ध आहे.

अधिकारक्षेत्राचा आधार

व्यापारी वादात लवादाचा करार दोन्ही पक्ष वाटाघाटी करून लिहितात. खेळात तसे क्वचितच घडते. खेळाडू आपल्या राष्ट्रीय महासंघाची नोंदणी स्वीकारतो. राष्ट्रीय महासंघ आंतरराष्ट्रीय महासंघाचा सदस्य असतो आणि आंतरराष्ट्रीय महासंघाच्या घटनेत क्रीडा लवाद न्यायालयाचा उल्लेख असतो. या साखळीतून खेळाडू लवादास बांधला जातो. ऑलिंपिकमध्ये भाग घेणारा प्रत्येक खेळाडू प्रवेशपत्रिकेवर सही करताना ऑलिंपिक सनदेतील लवादाची तरतूद मान्य करतो. सनदेच्या ६१ व्या नियमानुसार ऑलिंपिकच्या निमित्ताने उद्भवणारा वाद केवळ क्रीडा लवाद न्यायालयापुढेच नेता येतो.

कार्यपद्धती

अपील दाखल करण्यापूर्वी महासंघाच्या अंतर्गत उपलब्ध असलेले सर्व उपाय वापरलेले असावे लागतात. महासंघाच्या नियमांत वेगळी मुदत दिलेली नसल्यास निर्णय मिळाल्यापासून २१ दिवसांच्या आत अपील करावे लागते.

अपिलाची सुनावणी सामान्यतः ३ लवादांचे मंडळ करते. प्रत्येक पक्ष संस्थेच्या सूचीतून एकेक लवाद निवडतो आणि मंडळाच्या अध्यक्षाची नेमणूक अपील विभागाचे अध्यक्ष करतात. काही प्रकरणांत एकच लवाद नेमला जातो. सूचीबाहेरील व्यक्ती लवाद म्हणून निवडता येत नाही. प्रत्यक्ष सुनावणी जगात कोठेही झाली तरी लवादाचे कायदेशीर स्थान लोझान हेच मानले जाते. त्यामुळे सिडनी, टोकियो किंवा पॅरिस येथे दिलेला निवाडाही कायद्याच्या दृष्टीने स्वित्झर्लंडमध्ये दिलेला ठरतो.

मंडळापुढे वादाची सुनावणी नव्याने होते. महासंघाचा निर्णय योग्य रीतीने घेतला गेला की नाही एवढेच न तपासता, मंडळ वस्तुस्थिती आणि कायदा या दोहोंचा पुन्हा पूर्ण विचार करू शकते. ते मूळ निर्णय रद्द करू शकते, बदलू शकते किंवा प्रकरण परत पाठवू शकते.

आंतरराष्ट्रीय महासंघांच्या शिस्तभंगविषयक निर्णयांविरुद्धच्या अपिलांत लवादांचा खर्च संस्था करते. अपील करणाऱ्यास १,००० स्विस फ्रँक शुल्क भरावे लागते. वकील, तज्ज्ञ, साक्षीदार आणि प्रवास यांचा खर्च मात्र पक्षांनी करावयाचा असतो. ज्यांना तो परवडत नाही, अशा खेळाडूंसाठी परिषदेने विधी साहाय्य निधी ठेवला आहे.

निवाड्यातील प्रमुख तत्त्वे

मैदानावरील निर्णय : सामन्यात पंचांनी दिलेल्या निर्णयात लवाद मंडळ हस्तक्षेप करीत नाही. तो निर्णय भ्रष्टाचार, दुष्ट हेतू किंवा मनमानी यांतून दिला गेल्याचे सिद्ध झाल्यास मात्र अपवाद केला जातो. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाचा जिम्नॅस्ट यांग ते-यंग याच्या समांतर दांड्यांवरील कसरतीचे प्रारंभिक मूल्य १० ऐवजी ९.९ धरले गेले. ही चूक पंचांची असल्याचे जिम्नॅस्टिक्स महासंघानेही मान्य केले. तरीही यांगचे कांस्यपदक सुवर्णपदकात बदलण्यास मंडळाने नकार दिला. चूक प्रामाणिक असेल तर ती मैदानावरच आणि नियमातील मुदतीतच दुरुस्त झाली पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती.

दोषनिरपेक्ष जबाबदारी : खेळाडूच्या शरीरात निषिद्ध द्रव्य आढळले की नियमभंग सिद्ध होतो. ते द्रव्य हेतुपुरस्सर घेतल्याचे सिद्ध करण्याची गरज नसते. हेतू आणि निष्काळजीपणा यांचा विचार शिक्षेची मुदत ठरवताना केला जातो.

पुराव्याचे मान : उत्तेजक सेवनाचा आरोप मंडळाचे पुरेसे समाधान होईल इतपत सिद्ध व्हावा लागतो. हे मान दिवाणी दाव्यातील संभाव्यतेपेक्षा कठोर, पण फौजदारी खटल्यातील निःसंशय पुराव्यापेक्षा सौम्य आहे. द्रव्य शरीरात कसे आले याचे स्पष्टीकरण देणाऱ्या खेळाडूस मात्र ते अधिक संभाव्य असल्याचे दाखवणे पुरेसे असते.

ऑलिंपिकमधील तात्पुरता विभाग

अंतिम सामना उद्या असेल तर महिन्याभराने मिळालेल्या न्यायाचा खेळाडूला उपयोग नसतो. हे लक्षात घेऊन १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून स्पर्धेच्या ठिकाणी तात्पुरता विभाग नेमण्याची प्रथा सुरू झाली. उद्घाटन सोहळ्याच्या १० दिवस आधीपासून स्पर्धा संपेपर्यंत उद्भवलेले वाद या विभागाकडे नेता येतात. अर्ज आल्यापासून २४ तासांच्या आत निर्णय देणे अपेक्षित असते. आवश्यक वाटल्यास ही मुदत वाढवता येते. या विभागापुढील कार्यवाहीसाठी शुल्क आकारले जात नाही.

निवाड्याची अंमलबजावणी आणि आव्हान

क्रीडा लवाद न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस वा अंमलबजावणी यंत्रणा नाही. निवाडा न पाळणाऱ्या खेळाडूस किंवा क्लबला महासंघ स्पर्धेतून वगळू शकतो, हीच त्याची खरी ताकद आहे. याशिवाय परकीय लवाद निवाड्यांच्या मान्यतेविषयीच्या १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे सदस्य राष्ट्रांच्या न्यायालयांमार्फतही निवाड्याची अंमलबजावणी करून घेता येते. भारत या करारात सहभागी आहे.

निवाड्याला आव्हान केवळ स्विस संघीय न्यायालयात देता येते आणि त्याची कारणेही मोजकी आहेत. ती अशी : मंडळाची रचना नियमबाह्य असणे, अधिकारक्षेत्राचा चुकीचा निर्णय, मागणीच्या बाहेर जाऊन दिलेला किंवा मागणीचा काही भाग न विचारात घेता दिलेला निवाडा, पक्षांना समान वागणूक वा म्हणणे मांडण्याची संधी न मिळणे आणि सार्वजनिक धोरणाशी विसंगती. पुराव्याचे मूल्यमापन चुकले एवढ्या कारणावरून निवाडा रद्द होत नाही. त्यामुळे आव्हाने क्वचितच यशस्वी होतात.

यशस्वी झालेल्या आव्हानांपैकी तीन विशेष महत्त्वाची मानली जातात. अर्जेंटिनाचा टेनिसपटू गिलेर्मो कान्यास याच्या प्रकरणात २००७ मध्ये, त्याच्या युक्तिवादाची दखल न घेतल्याने निवाडा रद्द झाला. आव्हानाचा हक्क सोडून देण्याची महासंघाने घातलेली अट खेळाडूवर बंधनकारक ठरत नाही, असेही न्यायालयाने त्यात म्हटले. ब्राझीलचा फुटबॉलपटू मातुझालेम याला १ कोटी युरोंहून अधिक रकमेची भरपाई देता आली नाही म्हणून बेमुदत बंदीची टांगती तलवार होती. ही गोष्ट व्यक्तिस्वातंत्र्याचा अतिरेकी संकोच करणारी असल्याने २०१२ मध्ये निवाडा सार्वजनिक धोरणाच्या कारणावरून रद्द करण्यात आला. चीनचा जलतरणपटू सुन यांग याच्यावरील ८ वर्षांची बंदी डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाली, कारण मंडळाच्या अध्यक्षांनी समाजमाध्यमावर केलेल्या लेखनामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका निर्माण झाली होती. नव्या मंडळाने २०२१ मध्ये त्याच्यावर ४ वर्षे ३ महिन्यांची बंदी घातली.

भारतीय खेळाडूंची प्रकरणे

द्युती चंद : ओडिशाची धावपटू द्युती चंद हिला शरीरातील नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण अधिक असल्याच्या कारणावरून २०१४ मध्ये स्पर्धांतून वगळण्यात आले. तिने भारतीय व आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघांविरुद्ध अपील केले. २४ जुलै २०१५ च्या अंतरिम निवाड्यात मंडळाने म्हटले की, हा नियम काही स्त्रियांबाबत भेदभाव करतो आणि म्हणून त्याचे समर्थन करण्याची जबाबदारी महासंघावर आहे. नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनमुळे नेमका किती लाभ होतो याचा पुरेसा पुरावा महासंघाने दिला नव्हता. मंडळाने नियमास २ वर्षांची स्थगिती देऊन पुरावा सादर करण्यास सांगितले. द्युती चंद २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १०० मीटर शर्यतीत धावली. महासंघाने २०१८ मध्ये ४०० मीटर ते एक मैल या अंतरांपुरता मर्यादित असा नवा नियम आणला आणि तिच्यावरील निर्बंध संपुष्टात आले.

नरसिंग यादव : सलग ३ वेळा महाराष्ट्र केसरी किताब पटकावणारा मल्ल नरसिंग यादव याने २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून ७४ किलो गटात भारतासाठी ऑलिंपिक प्रवेश निश्चित केला होता. या जागेसाठी निवड चाचणी घ्यावी, अशी सुशील कुमारची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळली. त्यानंतर जून आणि जुलै २०१६ मधील चाचण्यांत यादवच्या नमुन्यांत मेथँडिएनोन हे स्टेरॉइड आढळले. आपल्या आहारात कोणीतरी ते मिसळले, हे त्याचे म्हणणे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या (नाडा) समितीने १ ऑगस्ट रोजी मान्य करून त्याला निर्दोष ठरवले. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने (वाडा) त्याविरुद्ध रिओ येथील तात्पुरत्या विभागाकडे धाव घेतली. द्रव्य मिसळले गेल्याचा ठोस पुरावा नाही आणि आढळलेले प्रमाण गोळ्यांच्या स्वरूपातील सेवनाशी अधिक सुसंगत आहे, असे मानून मंडळाने १८ ऑगस्ट रोजी, त्याच्या लढतीच्या आदल्या दिवशी, त्याच्यावर ४ वर्षांची बंदी घातली. संघनिवडीचा वाद देशातील न्यायालयाकडे आणि उत्तेजक सेवनाचा वाद आंतरराष्ट्रीय लवादाकडे, असे दोन्ही मार्ग या एकाच खेळाडूच्या बाबतीत दिसून येतात.

विनेश फोगाट : २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या विनेश फोगाट हिचे वजन ७ ऑगस्ट रोजी सकाळी १०० ग्रॅम अधिक भरले. जागतिक कुस्ती महासंघाच्या नियमानुसार ती संपूर्ण स्पर्धेतून बाद ठरली आणि आदल्या दिवशीचे तिचे विजयही निष्फळ झाले. तिने तात्पुरत्या विभागाकडे अर्ज केला. महासंघाचे म्हणणे ऐकल्याविना तासाभरात निर्णय देणे शक्य नसल्याने अंतिम सामना तिच्याविनाच झाला. त्यानंतर संयुक्त रौप्यपदकाची मागणी विचारार्थ राहिली. तिच्या बाजूने ज्येष्ठ विधिज्ञ हरीश साळवे यांनी युक्तिवाद केला. एकमेव लवाद ॲनाबेल बेनेट यांनी १४ ऑगस्ट रोजी अर्ज फेटाळला. नियमात वजनाची कमाल मर्यादा स्पष्ट आहे, तीत सूट देण्याची तरतूद नाही आणि नियम बदलणे लवादाच्या अधिकारात येत नाही, असे त्यांनी म्हटले. खेळाडूने कोणतेही गैरकृत्य केलेले नसताना होणारा हा परिणाम अत्यंत कठोर असल्याची नोंदही निवाड्यात आहे. द्युती चंद प्रकरणातील मंडळाच्या अध्यक्षही बेनेट याच होत्या. तेथे नियमाच्या वैधतेचाच प्रश्न होता, तर येथे वैध मानलेला नियम लागू करण्याचा. दोन निवाड्यांतील अंतर समजण्यास हा भेद उपयोगी आहे.

भारतातील व्यवस्था

भारतात क्रीडा महासंघांविषयीचे वाद दीर्घकाळ उच्च न्यायालयांपुढे रिट याचिकांच्या रूपाने येत राहिले. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी अधिनियम, २०२२ अन्वये उत्तेजक सेवनाच्या प्रकरणांसाठी शिस्तपालन आणि अपील मंडळांना वैधानिक आधार मिळाला. २०२५ मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियमात राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. या न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयात करावयाचे आहे. मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जे अपील क्रीडा लवाद न्यायालयाकडे जाणे आवश्यक आहे, ते तेथेच करावे लागेल.

टीका आणि न्यायालयीन परीक्षण

क्रीडा लवादावरील सर्वांत मूलभूत आक्षेप संमतीविषयी आहे. जर्मनीची स्केटिंगपटू क्लाउडिया पेखश्टाइन हिच्यावर रक्तातील असामान्य घटकांच्या आधारे २००९ मध्ये २ वर्षांची बंदी घालण्यात आली आणि क्रीडा लवाद न्यायालयाने ती कायम केली. स्विस संघीय न्यायालयात अपयश आल्यावर तिने जर्मन न्यायालयांत आणि स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. मानवी हक्क न्यायालयाने २ ऑक्टोबर २०१८ रोजी निकाल दिला. लवादाची अट मान्य करून खेळातून उपजीविका करणे किंवा ती नाकारून व्यावसायिक खेळच सोडणे एवढेच पर्याय तिच्यापुढे होते. म्हणून तिच्यावरील लवाद सक्तीचा मानला पाहिजे आणि सक्तीच्या लवादात न्याय्य सुनावणीची सर्व हमी मिळाली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. क्रीडा लवाद न्यायालय स्वतंत्र व निःपक्षपाती असल्याचे बहुमताने मान्य करण्यात आले. दोन न्यायाधीशांनी याबाबत भिन्न मत नोंदवले. खुली सुनावणी नाकारणे मात्र हक्कभंग ठरवण्यात आला. त्यानंतर २०१९ पासून शिस्तभंगाच्या प्रकरणात खेळाडूने मागणी केल्यास खुली सुनावणी घेण्याची तरतूद संहितेत करण्यात आली. जर्मनीच्या संघीय घटनात्मक न्यायालयानेही २०२२ मध्ये पेखश्टाइनच्या बाजूने निर्णय देऊन तिचा दावा पुढे चालवण्याचा मार्ग मोकळा केला.

दुसरा आक्षेप स्विस न्यायालयाच्या मर्यादित परीक्षणाविषयी आहे. दक्षिण आफ्रिकेची धावपटू कास्टर सेमेन्या हिने २०१८ च्या टेस्टोस्टेरॉनविषयक नियमास आव्हान दिले होते. हा नियम भेदभाव करणारा असला तरी आवश्यक, वाजवी आणि प्रमाणबद्ध आहे, असा निवाडा मंडळाने २०१९ मध्ये २ विरुद्ध १ मतांनी दिला आणि स्विस संघीय न्यायालयाने २०२० मध्ये त्यात हस्तक्षेप केला नाही. मानवी हक्क न्यायालयाच्या विस्तारित पीठाने १० जुलै २०२५ रोजी ठरवले की, सक्तीच्या लवादात खेळाडूचे मूलभूत हक्क गुंतलेले असताना स्विस न्यायालयाने अधिक काटेकोर परीक्षण करावयास हवे होते. ते न झाल्याने न्याय्य सुनावणीच्या हक्काचा भंग झाला. मूळ नियमाच्या योग्यायोग्यतेवर पीठाने निर्णय दिला नाही.

यानंतर १ ऑगस्ट २०२५ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने बेल्जियमच्या सेरँग या फुटबॉल क्लबच्या फिफाविरुद्धच्या प्रकरणात आणखी एक महत्त्वाचा निर्णय दिला. क्रीडा लवाद न्यायालयाचा निवाडा युरोपीय संघाच्या सार्वजनिक धोरणाशी सुसंगत आहे की नाही, हे सदस्य राष्ट्रांच्या न्यायालयांना परिणामकारक रीतीने तपासता आले पाहिजे, असे त्याचे सूत्र आहे. त्यामुळे युरोपीय संघात केवळ लोझानमधील अंतिमतेवर विसंबता येणार नाही.

तज्ज्ञांमध्ये याविषयी मतभेद आहेत. एकच नियम सर्व देशांतील खेळाडूंना सारखा लागू व्हावा, स्पर्धेपूर्वी निकाल लागावा आणि खेळाची जाण असलेल्यांनी तो द्यावा, यासाठी एकच अंतिम संस्था हवी, असे समर्थक मानतात. लवादांची बंद सूची, तिच्या निवडीत क्रीडा संस्थांचा असलेला वाटा आणि सामान्य खेळाडूस न पेलणारा खर्च यांकडे टीकाकार लक्ष वेधतात. खुली सुनावणी, विधी साहाय्य आणि न्यायालयीन परीक्षण यांविषयीच्या वरील सुधारणा व निर्णय या दोन भूमिकांमधील ताणातूनच घडून आले आहेत.